अपडेटनंतर फोटोशॉप-लाइटरूम रेंगाळतंय? सीझनआधी स्टुडिओत एकेक करून काय तपासायचं

अ‍ॅडोबी फोटोशॉप आणि लाइटरूम क्लासिक यांच्या मोठ्या आवृत्त्या गेली काही वर्षं बहुतेक वेळा ऑक्टोबरच्या आसपास येतात. आपल्याकडे त्याच्या मागेपुढे दिवाळी, मग तुळशीचं लग्न आणि तिथून लग्नसराई. म्हणजे बेळगाव, निपाणी, खानापूर असो की पलीकडे कोल्हापूर-सावंतवाडी, स्टुडिओत जेव्हा मान वर करायला सवड नसते नेमकं तेव्हाच कॉम्प्युटरच्या कोपऱ्यात 'अपडेट उपलब्ध आहे' असं झळकतं. कोणीतरी बटण दाबतं. दुसऱ्या दिवसापासून ब्रश अडखळतो, स्लायडर ओढला की फोटो दोन सेकंदांनी बदलतो आणि अल्बमची फाइल सेव्ह होईपर्यंत चहा पिऊन होतो.

अशा वेळी बहुतेक जण एकाच दुपारी सगळं करून बघतात. ड्रायव्हर बदलतात, सेटिंग्ज उडवतात, सॉफ्टवेअर काढून परत टाकतात, कोणी तर विंडोजच नवीन टाकतं. त्यात कधी मशीन सुधारतं, पण कशामुळे सुधारलं ते कळत नाही. कधी गिऱ्हाइकाच्या फोटोंवर केलेलं महिन्याभराचं काम जातं, आणि ते नुकसान हळू चालणाऱ्या मशीनपेक्षा फार मोठं. म्हणून या लेखातला क्रम असा आहे: आधी काम सुरक्षित ठेवायचं, मग अडतंय कुठे ते शोधायचं, मग एका वेळी एकच गोष्ट बदलायची. परत फिरवता येणारे उपाय आधी, न फिरवता येणारे शेवटी. खालची माहिती विंडोजवर चालणाऱ्या फोटोशॉप आणि लाइटरूम क्लासिकबद्दल आहे. आवृत्तीप्रमाणे मेनूतली नावं थोडी पुढेमागे असू शकतात.

सगळ्यात आधी: कशाला हात लावायचा नाही

लाइटरूम क्लासिकमध्ये तुमचे फोटो एका जागी असतात आणि त्यांच्यावरचं काम दुसऱ्या जागी. हे काम 'कॅटलॉग' नावाच्या फाइलमध्ये साठतं. तिचं एक्स्टेन्शन 'एलआरकॅट'. तिच्याच शेजारी 'एलआरकॅट-डेटा' नावाची फाइल दिसते. २०२१ मध्ये आलेल्या ११ व्या आवृत्तीपासून मास्किंगचा बराच मजकूर या दुसऱ्या फाइलमध्ये जातो. 'जागा करू' म्हणून ती उडवली तर मास्क गेले म्हणून समजा. लाइटरूम मध्येच बंद पडलं असेल तर तिथे 'डब्ल्यूएएल' असं शेवटी असलेली एक छोटी फाइलही राहते. तिच्यात कॅटलॉगमध्ये अजून न पोचलेलं काम असू शकतं, तीही ठेवायची.

'प्रीव्ह्यूज' असं नाव असलेलं 'एलआरडेटा' फोल्डर मात्र वेगळं. त्यात फोटोंच्या नुसत्या पाहण्यापुरत्या प्रती असतात. ते काढलं तरी मूळ फोटो शाबूत असतील तर लाइटरूम परत तयार करतं, फक्त वेळ जातो.

काहीही करण्याआधी एवढं करा:

१. लाइटरूम बंद करताना कॅटलॉगचा बॅकअप घ्या आणि तो दुसऱ्या डिस्कवर ठेवा. त्याच डिस्कवर ठेवलेला बॅकअप डिस्क गेली की तोही गेला.
२. फोटोशॉपमध्ये तुम्ही बनवलेल्या किंवा विकत घेतलेल्या अ‍ॅक्शन्स 'सेव्ह अ‍ॅक्शन्स' करून फाइलमध्ये काढून ठेवा. ब्रश असतील तर तेही.
३. सध्याच्या आवृत्तीचा नंबर लिहून ठेवा. फोटोशॉप आणि लाइटरूम दोन्हींत 'हेल्प' मेनूमधल्या 'सिस्टिम इन्फो'मध्ये तो मिळतो.

'स्लो झालंय' म्हणजे नेमकं काय?

मोबाइलचा स्टॉपवॉच घ्या आणि वहीत चार आकडे लिहा: सॉफ्टवेअर उघडायला किती वेळ, रोजची एक अल्बमची फाइल उघडायला किती, तीच सेव्ह करायला किती, आणि लाइटरूममधून ठरलेले पन्नास फोटो जेपेगमध्ये काढायला किती. पुढे प्रत्येक बदलानंतर याच चार गोष्टी परत मोजायच्या. 'बरं वाटतंय' यावर विसंबून राहू नका. मशीन रीस्टार्ट केल्यावर थोडा वेळ सगळ्यांनाच बरं वाटतं.

मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडा, 'परफॉर्मन्स'वर जा आणि काम अडतं त्या क्षणी कुठला आलेख वर जातो ते बघा.

- डिस्क १०० टक्के, बाकी निवांत: जागा कमी आहे, डिस्क जुनी हार्ड डिस्क आहे किंवा मागे दुसरं काहीतरी डिस्क वापरतंय.
- मेमरी ९० टक्क्यांच्या वर आणि डिस्कही धावतेय: रॅम पुरत नाही, सॉफ्टवेअर डिस्कलाच रॅम म्हणून वापरतंय.
- जीपीयू म्हणजे ग्राफिक्स कार्ड सतत भरलेलं: एआयचं काम चालू आहे किंवा कार्ड नव्या आवृत्तीला झेपत नाही.
- जीपीयू शून्यावर, प्रोसेसर भरलेला: सॉफ्टवेअरने कार्ड वापरणंच सोडलंय. अपडेटनंतर हे बऱ्याचदा होतं.
- काहीच भरलेलं नाही, तरी अडकतं: फॉन्ट, प्लगइन, नेटवर्क किंवा बिघडलेली सेटिंग्ज.

आणखी एक. सगळी सॉफ्टवेअर बंद असताना प्रोसेसर किंवा ग्राफिक्स कार्ड जोरात चालत असेल तर आधी अँटिव्हायरसने पूर्ण तपासणी करून घ्या. 'क्रॅक' करून टाकलेल्या प्रतींबरोबर कधी कधी तुमच्या मशीनवर चोरून क्रिप्टोचं काम करणारे प्रोग्रॅम येतात. तिथे फोटोशॉपची सेटिंग्ज बदलून काही उपयोग नाही.

पहिला दिवस थोडा धीर धरा

मोठ्या अपडेटनंतर लाइटरूम कॅटलॉगची रचना बदलून घेतं. विंडोजचं अपडेटही त्याच सुमाराला झालं असेल तर फाइलींची अनुक्रमणिका बनवणं आणि तपासणी मागे चालू राहते. म्हणून रात्री मशीन चालू ठेवून जा. झोपेच्या मोडमध्ये जाणार नाही एवढं बघा आणि सकाळी परत मोजा.

'शट डाउन' करून परत चालू करणं आणि 'रीस्टार्ट' करणं या दोन गोष्टी विंडोजमध्ये एकच नाहीत. 'फास्ट स्टार्टअप' चालू असेल तर शट डाउन केल्यावरही विंडोजचा काही भाग तसाच्या तसा साठवून ठेवला जातो. ड्रायव्हर किंवा सॉफ्टवेअर बदललं की 'रीस्टार्ट'च करायचं.

लॅपटॉप असेल तर चार्जर लावलेला आहे का बघा. बॅटरीवर बहुतेक लॅपटॉप प्रोसेसर आणि कार्डाचा वेग मुद्दाम कमी ठेवतात. पंख्यात धूळ साचली असेल तरी तेच होतं: मशीन तापतं आणि वेग आपोआप खाली येतो. सकाळी बरं चालतं आणि दुपारी रेंगाळतं, अशी तक्रार असेल तर अपडेटला दोष देण्याआधी मशीन उघडून साफ करून घ्या.

ग्राफिक्स कार्ड आणि ड्रायव्हर

अपडेटनंतरच्या तक्रारींत सगळ्यात आधी इथे बघायचं. फोटोशॉप आणि लाइटरूमची कामं वर्षागणिक प्रोसेसरकडून ग्राफिक्स कार्डाकडे सरकतायत. लाइटरूम क्लासिकमध्ये जून २०२२ च्या ११.४ आवृत्तीत एक्सपोर्टलाही कार्डाचा वापर आला. एप्रिल २०२३ च्या १२.३ मध्ये 'डीनॉइज' आलं, ऑक्टोबर २०२३ च्या १३ मध्ये 'लेन्स ब्लर'. त्यामुळे चार वर्षांपूर्वी ज्या कार्डावर झकास चालायचं, ते आज कमी पडू शकतं. सॉफ्टवेअर नवीन आणि ड्रायव्हर जुना अशी जोडीही जमत नाही.

करायचं असं:

१. फोटोशॉपमध्ये 'हेल्प'मधून 'जीपीयू कम्पॅटिबिलिटी' उघडा. कार्ड चालतंय की नाही ते तिथे स्पष्ट दिसतं.
२. ड्रायव्हर विंडोज अपडेटवर न सोडता कार्डाच्या कंपनीच्या साइटवरून घ्या. एनव्हिडियाचं कार्ड असेल तर 'गेम रेडी' आणि 'स्टुडिओ' असे दोन प्रकार मिळतात. आपल्या कामाला 'स्टुडिओ' घ्यायचा, आणि टाकताना 'क्लीन इन्स्टॉलेशन' निवडायचं.
३. काही लॅपटॉपला दोन कार्डं असतात, एक प्रोसेसरमधलं आणि एक वेगळं. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये 'सिस्टिम', 'डिस्प्ले', 'ग्राफिक्स' असं जाऊन फोटोशॉप आणि लाइटरूम दोघांना 'हाय परफॉर्मन्स' द्या.
४. तरी अडत असेल तर फोटोशॉपच्या 'प्रेफरन्सेस'मधल्या 'परफॉर्मन्स'मध्ये 'यूज ग्राफिक्स प्रोसेसर'ची खूण काढा, फोटोशॉप परत उघडा आणि मोजा. लाइटरूममध्येही 'परफॉर्मन्स'मध्ये 'ऑटो'च्या जागी 'ऑफ' करून बघा.

चौथा उपाय निदानासाठी आहे, कायमचा नाही. कार्ड बंद केल्यावर मशीन सुरळीत चाललं, तर दोष कार्डात किंवा ड्रायव्हरमध्ये आहे एवढं पक्कं झालं. कार्ड बंद ठेवून रोजचं काम केलं तर फोटोशॉपमधले काही फिल्टर आणि कॅनव्हास फिरवण्यासारख्या सोयी चालणार नाहीत, आणि लाइटरूममध्ये डीनॉइजला प्रचंड वेळ लागेल.

फक्त कॅनव्हास झूम करताना किंवा सरकवतानाच अडखळत असेल तर 'प्रेफरन्सेस'च्या 'टेक्नॉलॉजी प्रीव्ह्यूज'मध्ये 'डीअ‍ॅक्टिव्हेट नेटिव्ह कॅनव्हास' असा पर्याय आहे का बघा. तुमच्या आवृत्तीत असेल तर खूण करून फोटोशॉप परत उघडा. जुन्या कार्डांवर याने फरक पडतो.

फोटोशॉप: अल्बमच्या फाइलचं गणित

करिझ्मा अल्बमचं १२ बाय ३६ इंचाचं एक पान ३०० डीपीआयला म्हणजे ३,६०० गुणिले १०,८०० पिक्सेल. सुमारे ३ कोटी ८९ लाख पिक्सेल. ८ बिटमध्ये पूर्ण भरलेला एक लेअर मेमरीत जवळजवळ १११ एमबी घेतो. १६ बिटमध्ये तोच लेअर २२२ एमबी. असे वीस लेअर म्हणजे ८ बिटलाही सव्वादोन जीबी. त्यात स्मार्ट ऑब्जेक्ट म्हणून टाकलेला २४ मेगापिक्सेलचा प्रत्येक फोटो उघडला की आणखी सुमारे ६९ एमबी. वर 'हिस्टरी'च्या पायऱ्या साठतात त्या वेगळ्या.

आता ८ जीबी रॅमच्या मशीनवर विंडोज, ब्राउझर आणि व्हॉट्सअ‍ॅप उघडं असताना फोटोशॉपच्या वाट्याला किती उरतं ते बघा. अ‍ॅडोबी दोन्ही सॉफ्टवेअरसाठी किमान ८ आणि शिफारस म्हणून १६ जीबी सांगते. जुनी आवृत्ती ८ जीबीत कशीबशी बसत होती, नवी थोडी जास्त मागते आणि तेवढ्यानेच सगळं डिस्कवर सांडतं. अपडेटने अचानक मशीन बिघडलं असं वाटतं, प्रत्यक्षात ते आधीच काठावर होतं.

हे ओळखायची सोपी खूण: फोटोशॉपच्या खिडकीच्या खालच्या पट्टीत बाणावर क्लिक करून 'एफिशियन्सी' निवडा. आकडा १०० टक्के असेल तर काम रॅममध्ये चाललंय. तो सतत खाली असेल तर फोटोशॉप स्क्रॅच डिस्क वापरतंय.

त्यावर उपाय:

- 'परफॉर्मन्स'मध्ये फोटोशॉपला द्यायची मेमरी मुळात ७० टक्के असते. ती ७५ ते ८० पर्यंत न्यायला हरकत नाही. ९५ केली तर विंडोजचाच श्वास कोंडतो आणि मशीन आणखी हळू होतं.
- 'हिस्टरी स्टेट्स' मुळात ५० असतात. अल्बमच्या कामाला २० पुरतात.
- 'स्क्रॅच डिस्क'मध्ये सगळ्यात वेगवान आणि मोकळी डिस्क निवडा, शक्यतो एसएसडी. पेन ड्राइव्ह किंवा बाहेरची हार्ड डिस्क नको. अपडेटनंतर ही निवड परत 'सी' ड्राइव्हवर गेली आहे का ते नक्की बघा.
- मोठ्या फाइलचं काम झालं की 'एडिट', 'पर्ज', 'ऑल' करा. याने हिस्टरी जाते, म्हणून सेव्ह करूनच.
- सेव्हलाच वेळ लागत असेल तर 'फाइल हँडलिंग'मध्ये पीएसडीचं कॉम्प्रेशन बंद करायची खूण आहे. सेव्ह लवकर होतं, फाइल मोठी होते. डिस्कवर जागा असेल तरच.
- दर १० मिनिटांनी मागे होणारं 'ऑटो रिकव्हरी' बंद करू नका. वीज गेली तर तेच वाचवतं. फार अडथळा होत असेल तर वेळ वाढवून १५ किंवा ३० मिनिटं करा.

मराठी-कन्नड फॉन्टचा ढीग

आपल्या भागात एकाच अल्बमवर मराठी, कन्नड आणि इंग्रजी नावं येतात. बॅनर, पत्रिका आणि अल्बम एकाच मशीनवर करणाऱ्यांकडे वर्षानुवर्षं साठलेले हजारो फॉन्ट असतात, त्यात एकाच फॉन्टच्या तीन-तीन प्रती. फोटोशॉप उघडताना आणि अक्षरांचं टूल घेतल्यावर ही सगळी यादी वाचली जाते. टास्क मॅनेजरमध्ये काहीच भरलेलं नसताना फक्त उघडायला किंवा मजकूर लिहायला वेळ लागत असेल तर इथे बघा.

रोज लागणारे फॉन्ट ठेवा, बाकीचे एका फोल्डरमध्ये काढून ठेवा आणि काम येईल तेव्हाच टाका. 'टाइप' मेनूत 'फॉन्ट प्रीव्ह्यू साइज' 'नन' केलं की यादी लवकर उघडते. फॉन्ट काढण्याआधी त्यांची प्रत मात्र नक्की ठेवा, नाहीतर जुनी पत्रिका उघडताना 'फॉन्ट सापडत नाही' असा निरोप येईल.

एक फरक लक्षात असू द्या. जुन्या डीटीपीच्या काळातले 'टाइप-१' प्रकारचे फॉन्ट फोटोशॉपने २०२१ मध्येच आणि अ‍ॅडोबीच्या बाकी सॉफ्टवेअरनी जानेवारी २०२३ मध्ये सोडले. ते नव्या आवृत्तीत दिसत नाहीत. हा बिघाड नाही, आणि सेटिंग्ज बदलून ते परत येणार नाहीत. असे फॉन्ट वापरलेल्या फाइलींचा मजकूर युनिकोड किंवा ओपनटाइप फॉन्टमध्ये एकदा बदलून घेणं हाच मार्ग.

लाइटरूम क्लासिक: कॅटलॉग, कॅश आणि प्रीसेट

लाइटरूमचा कॅटलॉग हा एक डेटाबेस असतो. वर्षानुवर्षं एकाच कॅटलॉगमध्ये शेकडो लग्नं घातली की तो फुगतो. 'फाइल' मेनूतलं 'ऑप्टिमाइझ कॅटलॉग' बॅकअप घेतल्यावर एकदा चालवा. हा उपाय धोक्याचा नाही.

मग क्रमाने हे बघा:

१. कॅटलॉग आणि प्रीव्ह्यू कुठे आहेत? दोन्ही एसएसडीवर हवेत. मूळ रॉ फोटो हार्ड डिस्कवर असले तरी चालतात. साध्या हार्ड डिस्कचा वेग सेकंदाला शंभर-दीडशे एमबी, साध्या एसएसडीचा पाचशेच्या घरात. एका लग्नाचे तीन हजार रॉ फोटो, प्रत्येकी २८ एमबी धरले, तर ८४ जीबी होतात. हे सगळं यूएसबी २ च्या पोर्टला लावलेल्या बाहेरच्या डिस्कवरून वाचायचं म्हटलं तर वाट बघणं आलंच. केबल यूएसबी ३ च्या पोर्टला लावा. बऱ्याच मशीनवर हे पोर्ट आतून निळं असतं.

२. कॅमेरा रॉ कॅश. 'प्रेफरन्सेस', 'परफॉर्मन्स'मध्ये ही मर्यादा मुळात ५ जीबी असते. जागा असेल तर २० जीबी करा. तिथेच 'पर्ज कॅश'चं बटण आहे. अपडेटनंतर एकदा दाबायला हरकत नाही, त्याने फोटो किंवा काम जात नाही.

३. मागे चालणारी कामं. वर डावीकडे लाइटरूमच्या नावावर क्लिक करा. चेहरे शोधणं, पत्ते शोधणं यातलं जे नको ते थांबवा.

४. प्रीसेट. ओळखीतून, ग्रुपमधून मिळालेले हजारो प्रीसेट नव्या आवृत्तीत तसेच येतात. माऊस नुसता त्यांच्यावरून फिरला तरी फोटोवर परिणाम दाखवण्यासाठी लाइटरूम धावतं. 'परफॉर्मन्स'मध्ये प्रीसेटच्या 'हॉव्हर प्रीव्ह्यू'ची खूण काढा. न लागणारे प्रीसेट बाहेर काढा.

५. स्मार्ट प्रीव्ह्यू. इम्पोर्ट करताना रात्री स्मार्ट प्रीव्ह्यू बनवून ठेवा आणि 'परफॉर्मन्स'मध्ये मूळ फोटोंऐवजी तेच वापरायची खूण करा. जुन्या मशीनवर सकाळी डेव्हलपमध्ये मोठा फरक जाणवतो. एक्सपोर्ट मूळ फोटोवरूनच होतं, त्यामुळे छपाईची काळजी नाही.

६. कामाचा क्रम. एकाच फोटोवर दहा एआय मास्क आणि पन्नास डागांची दुरुस्ती केली तर स्लायडर जड होणारच. डाग काढायचं मोठं काम फोटोशॉपमध्ये करा. डीनॉइज प्रत्येक फोटोला नको. मांडवातल्या कमी उजेडातले निवडक फोटो काढा आणि रात्री एकदम लावून ठेवा.

विंडोजकडूनही अडतं

'सी' ड्राइव्हवर निदान १५ ते २० टक्के जागा मोकळी असू द्या. फोटोंचं फोल्डर वनड्राइव्हमध्ये जात असेल तर प्रत्येक सेव्हनंतर अपलोड सुरू होतं, ते फोल्डर बाहेर काढा. विंडोज डिफेंडरच्या सूटयादीत लाइटरूमचा कॅटलॉग आणि कॅश यांचीच फोल्डरं घाला. 'डाउनलोड्स', पेन ड्राइव्ह आणि गिऱ्हाइकाकडून येणारी मेमरी कार्डं कधीच नाही. व्हायरस तिथूनच शिरतो.

एवढं करून नाही सुधारलं तर: प्लगइन आणि सेटिंग्ज

फोटोशॉप उघडताना शिफ्ट धरून ठेवलं की बाहेरची प्लगइन्स वगळायची का असं विचारलं जातं. वगळल्यावर वेग आला तर दोषी सापडला. अल्बम डिझाइनची आणि चेहरा गुळगुळीत करायची जुनी प्लगइन्स नव्या आवृत्तीत अशीच नडतात. त्यांची नवी प्रत त्या कंपनीकडून घ्या किंवा तेवढं काढा.

त्यानंतर सेटिंग्ज मूळपदावर आणायची. फोटोशॉप सुरू करताना लगेच कंट्रोल, ऑल्ट, शिफ्ट तिन्ही धरा. लाइटरूमसाठी ऑल्ट आणि शिफ्ट. सेटिंग्जची फाइल काढायची का असं विचारलं की 'हो' म्हणा. लाइटरूममध्ये याने फोटो किंवा कॅटलॉगला धक्का लागत नाही. फोटोशॉपमध्ये मात्र न काढून ठेवलेल्या अ‍ॅक्शन्स आणि कामाची मांडणी जाऊ शकते. म्हणूनच सुरुवातीला त्या फाइलमध्ये घ्यायला सांगितलं. अपडेट करताना 'जुनी सेटिंग्ज आणा' ही खूण आपोआप असते, आणि जुन्या बिघडलेल्या सेटिंग्ज तिथूनच नव्या आवृत्तीत येतात.

जुन्या आवृत्तीकडे परतायचं का?

डिलिव्हरी आठवड्यावर आली असेल आणि मशीन ऐकत नसेल तर परतणं हाच शहाणपणा. क्रिएटिव्ह क्लाउडच्या अ‍ॅपमध्ये सॉफ्टवेअरच्या नावापुढच्या तीन टिंबांवर क्लिक करून 'अदर व्हर्जन्स' निवडलं की आधीची आवृत्ती टाकता येते. मोठ्या आवृत्त्या वेगळ्या असतील तर फोटोशॉपची जुनी आणि नवी शेजारी शेजारी राहतात.

फोटोशॉपसाठी हे सोपं आहे, पीएसडी फाइली सहसा जुन्यातही उघडतात. लाइटरूमचं तसं नाही. मोठ्या आवृत्तीत कॅटलॉगचं रूपांतर होतं आणि रूपांतर झालेला कॅटलॉग जुन्या आवृत्तीत उघडत नाही. रूपांतराआधीची प्रत बाजूला राहते, पण तिच्यात अपडेटनंतरचं काम नसतं. म्हणजे दोन आठवडे नव्यात काम करून मग परतलात तर ते दोन आठवडे हरवल्यासारखे.

त्यातून थोडं वाचवता येतं. नव्या आवृत्तीत ते फोटो निवडून कंट्रोल आणि 'एस' दाबा. एडिटिंग रॉ फाइलींशेजारच्या 'एक्सएमपी' फाइलींत लिहिलं जातं, आणि जुन्या आवृत्तीत तेच फोटो इम्पोर्ट केले की बरंचसं परत दिसतं. नव्या आवृत्तीतल्याच सोयी, कलेक्शन आणि व्हर्च्युअल कॉपी यातून येत नाहीत. म्हणून परतायचं की नाही हा निर्णय पहिल्या दोन-तीन दिवसांतच घ्यायचा. जितके दिवस जातील तितकं परतणं महाग.

खर्च करायचाच तर कशावर?

टास्क मॅनेजरने जे दाखवलं त्यावर. दुकानदार जे सुचवेल त्यावर नाही. डिस्क अडत असेल आणि मशीनवर अजून हार्ड डिस्क असेल तर एसएसडी. एफिशियन्सी सतत खाली असेल तर रॅम, निदान १६ जीबी. अडचण फक्त डीनॉइज आणि एआय मास्कची असेल, बाकी सगळं ठीक असेल, तरच ग्राफिक्स कार्ड. तेही घेण्याआधी कॅबिनेटचा पॉवर सप्लाय ते पेलतो का हे बघून.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*अपडेट केलंच नाही तर?* काही महिने काही बिघडत नाही. पण नवा कॅमेरा घेतला तर त्याच्या रॉ फाइली जुन्या आवृत्तीत उघडणार नाहीत. विंडोज १० चा मोफत आधारही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय. कायमचं टाळता येणार नाही, वेळ मात्र आपण ठरवायची.

*क्लीनर सॉफ्टवेअर चालवू का?* नको. त्याला कॅटलॉग आणि कचरा यातला फरक कळेलच असं नाही.

*फक्त एकच फाइल हळू आहे, बाकी ठीक?* मग दोष अपडेटचा नाही, फाइलचा. नवीन कोरी फाइल घेऊन लेअर तिच्यात ओढा, न लागणारे लपवलेले लेअर काढा, मग मोजा.

पुढच्या ऑक्टोबरची तयारी

क्रिएटिव्ह क्लाउडच्या सेटिंग्जमध्ये 'ऑटो अपडेट' बंद करा. नवी आवृत्ती टाकताना 'अ‍ॅडव्हान्स्ड' पर्यायांत 'जुनी आवृत्ती काढा' ही खूण काढून ठेवा. स्टुडिओत दोन मशीन असतील तर आधी कमी कामाच्या मशीनवर टाका, कॅटलॉगची प्रत नेऊन आठवडाभर वापरून बघा. एकच मशीन असेल तर तुळशीच्या लग्नानंतर सॉफ्टवेअर, ड्रायव्हर आणि विंडोज तिन्हींना हात लावायचा नाही. अपडेट करायचं ते मुहूर्त नसलेल्या दिवसांत, हातातली सगळी डिलिव्हरी देऊन झाल्यावर. आणि ती चार आकड्यांची वही जपून ठेवा. मशीन ठीक चालत असतानाचे आकडे तिच्यात असतील, तर पुढच्या वेळी कुठे बिघडलं ते शोधायला दुपार नाही, अर्धा तास लागेल.